कंबरेचा हिशेब : बार्बीबाईंना खुलं पत्र

कु. बार्बरा मिलिसेंट रॉबर्ट्स ऊर्फ बार्बीबाई यांस,
मु. पो. विलोज, विस्कॉन्सिन
(हल्ली मुक्काम : खेळण्यांच्या दुकानातली गुलाबी भिंत)

सा. न. वि. वि.

पत्र लिहायला बसले आणि मायन्यापाशीच अडले. 9 मार्च 1959 हा तुमचा वाढदिवस, म्हणजे साठी उलटूनही काही वर्षं झाली. आमच्याकडे या वयाच्या बाईला 'ती.' लिहितात आणि गुडघ्यांची चौकशी करतात. पण तुमचं लग्न अजून झालेलं नाही (केनभाऊ 1961 पासून दाराशी तिष्ठत आहेत), त्यामुळे रीतीप्रमाणे तुम्ही आजही चि. सौ. कां. आहात. शेवटी 'बाई'वर भागवलं. राग नसावा.

आधी तुमचे उपकार मोजते, नाहीतर म्हणाल आल्या आल्या भांडायलाच लागली. 1965 साली तुम्ही अंतराळवीर झालात. नील आर्मस्ट्राँगला चंद्रावर उतरायला अजून चार वर्षं होती. 1973 साली सर्जन झालात. 1992 साली थेट अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या राहिलात. तुमची मॅटेल कंपनी अभिमानाने सांगते की आजवर तुम्ही दोनशेच्या वर नोकऱ्या केल्यात. आमच्याकडे इतक्या नोकऱ्या बदलणाऱ्याला बँक गृहकर्ज देत नाही. तुमचा मात्र मजल्यावर मजले चढवलेला बंगला आहे, लिफ्टसकट.

मला खरं कौतुक आहे ते निराळ्याच गोष्टीचं. या दोनशे नोकऱ्यांपैकी एकीचीही खूण तुमच्या अंगावर उमटली नाही. रात्रपाळ्या करून सर्जनबाईंच्या डोळ्यांखाली काळं आलं नाही. प्रचाराच्या दौऱ्यात मिळेल ते, मिळेल तेव्हा खाऊन उमेदवारबाईंचं पोट सुटलं नाही. पांढरा कोट उतरवा, अवकाशातला पोशाख उतरवा, आत तीच कंबर. मुलींना तुम्ही सांगता, काहीही व्हा. हे 'काहीही' कपड्यांच्या पाकिटात वेगळं विकत मिळतं. अंग मात्र ठरलेलं, ते बदलून मिळत नाही.

लग्नाळू मुलीचं कूळ पाहायची आमच्याकडे रीत आहे, म्हणून तुमचंही पाहिलं. 1956 साली रूथ हँडलर या कॅलिफोर्नियातल्या उद्योजिका सहकुटुंब युरोपात फिरायला गेल्या होत्या. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला एका दुकानात त्यांना लिली दिसली. लिली जर्मन. 1952 मध्ये 'बिल्ड' हे वर्तमानपत्र सुरू झालं, त्यात राइनहार्ड बॉयटिन तिची व्यंगचित्रं काढत. सोनेरी केसांची, जिभेला हाड नसलेली, पैसेवाल्या पुरुषांवर डोळा ठेवून असलेली पोरगी. 1955 मध्ये तिची बाहुली निघाली आणि ती विकली जायची तंबाखूच्या दुकानांत, बारमध्ये. गिऱ्हाईक मोठे पुरुष. मित्राला चेष्टेत द्यायची भेट. रूथबाईंनी तीन लिली विकत घेऊन घरी नेल्या. तीन वर्षांनी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत तुम्ही प्रकट झालात, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख घालून, डोळे तिरके करून, किंमत तीन डॉलर. पुढे 1964 मध्ये मॅटेलने लिलीचे हक्कच विकत घेतले आणि लिलीचं उत्पादन बंद झालं. थोरल्या बहिणीला घरात गप्प बसवण्याची ही पद्धत आमच्याही काही खानदानी घरांत आहे, त्यामुळे मला धक्का बसला नाही. गंमत एवढीच वाटली की पानटपरीवर पुरुषांसाठी टांगलेली वस्तू खाली उतरवून, जरा तोंड धुऊन, चार वर्षांच्या मुलीच्या हातात दिली गेली आणि कोणाला काही वावगं वाटलं नाही.

वाटलं होतं म्हणा. आयांना वाटलं होतं. तुम्ही बाजारात येण्याआधी मॅटेलने अर्न्स्ट डिख्टर या मानसशास्त्रज्ञाला आयांच्या आणि मुलींच्या मनात डोकवायला सांगितलं. मुलींना तुम्ही आवडलात. आयांना अजिबात आवडला नाहीत. एवढ्या उभाराची बाहुली पोरीच्या हातात कशाला, हा त्यांचा प्रश्न. डिख्टरसाहेबांनी आयांची नाडी बरोबर पकडली : ही बाहुली तुमच्या धसमुसळ्या मुलीला नीटनेटकं राहायला, चारचौघांत शोभून दिसायला शिकवील असं आईला पटवा, आई विरघळते. आई विरघळली. 'जरा नीट राहा, उद्या दुसऱ्याच्या घरी जायचंय' हे वाक्य फक्त मराठीत आहे असा माझा समज होता.

तुमचा देह घडवण्यात मोठा हात जॅक रायन यांचा. हे गृहस्थ त्याआधी रेथिऑन कंपनीत स्पॅरो आणि हॉक या क्षेपणास्त्रांवर काम करत. तुमच्याकडे बाजूने पाहिलं की ते पटतं.

रूथबाईंवर अन्याय करत नाही. त्यांची मुलगी बार्बरा कागदी बाहुल्यांशी खेळताना त्यांना मोठ्या बायकांची कामं करायला लावायची, आणि दुकानात तर नुसती तान्ही बाळं मिळत. मुलीने खेळायचं म्हणजे आईच व्हायचं, दुसरं काही नाही, हे रूथबाईंना खटकलं. मला ते शंभर टक्के पटतं. आमची भातुकली तरी काय, धड बोलता न येणाऱ्या पोरीला पोळ्या लाटायला बसवणारा खेळ. मुलीला मोठं झाल्याचं स्वप्न खेळता आलं पाहिजे. फक्त त्या स्वप्नात पोटाला जागा ठेवली असती तर काय बिघडलं असतं?

आता मापाकडे येऊ. उंची साडेअकरा इंच, सहापट केली तर पाच फूट नऊ इंच. छान. येल विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी 1995 मध्ये हिशेब मांडला की एखाद्या धडधाकट तरुण बाईला तुमच्या प्रमाणात बसायचं असेल तर तिने उंची दोन फूट वाढवावी, छाती पाच इंच वाढवावी आणि कंबर सहा इंच घटवावी. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तुमची नि केनभाऊंची मापं खऱ्या माणसांशी ताडून पाहिली. केनभाऊंच्या बांध्याचा पुरुष पन्नासात एक सापडू शकतो. एखाद्या बऱ्यापैकी वरातीत भेटेल. तुमच्या बांध्याची बाई मात्र लाखात एकही निघायची नाही. स्थळ सुचवताना आमच्याकडे 'मुलगी लाखात एक आहे' म्हणतात. तुमच्या बाबतीत ते शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं आणि लाख कमी पडले.

2014 मध्ये तुमच्या डिझाइनच्या प्रमुख बाईंनी यावर खुलासा केला. तुमचं अंग खऱ्यासारखं असावं असा हेतू कधी नव्हताच, मुलींना तुमचे कपडे झटपट घालता-काढता यावेत म्हणून ते तसं आहे, असं त्यांचं म्हणणं. यात तथ्य आहे. बाहुली सहापट लहान झाली म्हणून कापड सहापट पातळ होत नाही, शिवण आणि घडी कंबरेपाशी जमून येते. पण आजवर आम्ही शिंप्याकडे जायचो ते अंगाला कपडा बेतायला. कपड्याला अंग बेतायची युक्ती तुमची. आणि बाई, ती आमच्या मुलींना बरोबर समजली. अमुक जीन्स बसत नाही म्हटल्यावर जीन्सला शिव्या घालणारी मुलगी मी अजून पाहिलेली नाही.

1963 साली 'बार्बी बेबीसिट्स' नावाचा तुमचा संच आला. शेजाऱ्याचं बाळ सांभाळायला तुम्ही जाणार, म्हणून त्यात बाळ, पाळणा, टेलिफोन आणि बाळ झोपल्यावर वाचायला नखाएवढी पुस्तकं. एक प्रवासाबद्दल, एक पगारवाढ कशी मिळवावी याबद्दल, आणि तिसरं वजन कसं उतरवावं याबद्दल. या तिसऱ्याच्या पाठीवर सगळं आहारशास्त्र एका हुकमात आटोपलं होतं : जेवू नका. वा! आमच्याकडे डाएटवाली मंडळी दर महिन्याला हजारो रुपये घेऊन भिजवलेल्या बदामांची संख्या सांगतात, त्यांना हे पुस्तक कोणीतरी दाखवायला हवं. दोन वर्षांनी, 1965 मध्ये, 'स्लंबर पार्टी' हा दुसरा संच आला. मैत्रिणीकडे रात्री राहायला जायचं, तर सामानात काय काय? पायजमा, केस कुरळे करायच्या नळ्या, तेच पुस्तक, आणि गुलाबी वजनकाटा. हो, मैत्रिणीकडे झोपायला जाताना काटा घेऊन जायचा. तोही कसा, तर 110 पौंडांवर, म्हणजे जेमतेम पन्नास किलोंवर कायमचा थांबलेला. पाच फूट नऊ इंच उंचीला पन्नास किलो म्हटलं की बीएमआय सोळाच्या आसपास येतो. साडेअठराच्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटना वजन कमी धरते. वाण्याच्या तागडीचा काटा असा एका जागी चिकटला तर आम्ही वजनमापे खात्याकडे तक्रार करतो. इथे तो खेळणं म्हणून विकला गेला.

तुमची धाकटी बहीण स्किपर हिचं 1975 चं प्रकरण तर मी मैत्रिणींना सांगितलं तेव्हा कोणाला खरं वाटेना. 'ग्रोइंग अप स्किपर'. डावा हात गोल फिरवला की बाहुली थोडी उंच व्हायची आणि तिला छाती यायची. हात उलटा फिरवला की छाती गायब, पोरगी पुन्हा लहान. मुलगी वयात येण्याचे आमच्याकडे काय काय प्रकार झाले : कोपऱ्यात बसवलं, लोणच्याला हात लावू नको म्हटलं, ओढणी नीट घे म्हटलं. तुमच्याकडे हे सगळं एका खांद्याच्या खटक्यावर. पाळी नाही, पुटकुळ्या नाहीत, वर्गात पाठ वाकवून बसणं नाही. ज्या मुलीचं चौदाव्या वर्षीही काही फिरेना, किंवा नवव्या वर्षीच आपोआप फिरलं, तिने तक्रार कुठे नोंदवायची ते खोक्यावर छापलेलं नव्हतं. आणि खटका उलटा फिरवायची सोय तर कोणालाच मिळाली नाही.

तुमचे वकील म्हणतील, हा सगळा रिकाम्या बायकांचा कांगावा. प्लास्टिकच्या तुकड्याने कोणाचं काय बिघडतं? ठीक आहे, साक्षीदार बोलावते. सगळे लहान आहेत, तेव्हा दमात घेऊ नका.

2006 मध्ये इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी पाच ते आठ वर्षांच्या 162 मुलींना एक साधी गोष्ट ऐकवली : एक मुलगी खरेदीला जाते, वाढदिवसाच्या समारंभाची तयारी करते. गोष्ट एकच, सोबतची चित्रं मात्र वेगवेगळी. काहींच्या हातात तुमची चित्रं. काहींच्या हातात 'एमी' नावाच्या भरल्या अंगाच्या बाहुलीची. काहींच्या चित्रांत बाहुली नव्हतीच. नंतर मुलींना त्यांच्या स्वतःच्या शरीराबद्दल विचारलं. तुमची चित्रं पाहिलेल्या लहान मुलींना, साडेपाच ते साडेसात वयाच्या, आपलं शरीर कमी आवडलं आणि आपण आणखी बारीक असावं असं जास्त वाटलं. मुलींनी तुम्हाला हातही लावला नव्हता. नुसती चित्रं, तीही गोष्टीपुरती. तुमच्या वकिलांना एक मुद्दा मी आपणहून देते : साडेसातच्या पुढच्या मुलींवर तुमच्या चित्रांचा असा तत्काळ परिणाम दिसला नाही. पण नाचू नका. संशोधकांनी लावलेला अर्थ असा की तोवर बारीकपणाचा धडा त्यांच्या आत जाऊन बसलेला असतो, मग बाहुली दाखवायची गरज उरत नाही. शाळेतल्या बाईंना जो निकाल दहावीपर्यंत लावता येत नाही, तो तुम्ही दुसरीत लावता.

2010 मध्ये नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात सहा ते दहा वर्षांच्या 117 मुलींना वेगवेगळ्या बांध्याच्या बाहुल्यांशी खेळू दिलं. शरीराबद्दलच्या उत्तरांत काही फरक पडला नाही. घ्या, ही साक्ष तुमच्या बाजूची. फक्त नंतर मुलींसमोर खाऊ ठेवला तेव्हा साधारण बांध्याच्या बाहुलीशी खेळलेल्या मुलींनी तो जास्त खाल्ला. तोंडाने कोणी काही बोललं नाही, हाताने ताट सरकवलं. आमच्या घरांत हे शास्त्र विद्यापीठाविना चालतं, त्यामुळे मला ते लगेच ओळखू आलं.

आणि 2014 चा बटाटा. अमेरिकेतल्या चार ते सात वर्षांच्या 37 मुलींना पाच मिनिटं खेळायला दिलं : काहींना नटलेल्या तुम्ही, काहींना डॉक्टरीण झालेल्या तुम्ही, आणि काहींना मिसेस पोटॅटो हेड, म्हणजे नाक, डोळे, टोपी टोचून सजवायची बटाटेबाई. मग दहा कामांची चित्रं दाखवून विचारलं, यातलं काय काय तुला मोठेपणी करता येईल आणि मुलग्यांना काय काय करता येईल? तुमच्याशी खेळलेल्या मुली म्हणाल्या, मुलग्यांना जास्त करता येईल, आम्हाला कमी. बटाट्याशी खेळलेल्या मुलींच्या उत्तरात हे अंतर कमी होतं. स्टेथोस्कोप घातलेल्या तुमच्यात आणि नुसत्या नटलेल्या तुमच्यात फरक पडला नाही. दोनशे नोकऱ्या, अवकाशयात्रा, राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी, आणि स्त्रीच्या कर्तृत्वाचा आदर्श म्हणून तुम्ही एका बटाट्याकडून हरलात. बटाट्याला कंबर नसते, हे त्याचं भांडवल असावं.

1992 ची आठवण इथेच काढते, कारण ते साल तुमच्या निवडणुकीचं. त्याच साली तुमची बोलकी आवृत्ती निघाली, तिच्या 270 वाक्यांत एक होतं गणिताचा तास अवघड असतो अशा अर्थाचं. एकीकडे देशाचा अर्थसंकल्प मांडायची तयारी आणि दुसरीकडे बेरजेला घाबरणं. अमेरिकेतल्या सुशिक्षित बायकांच्या संघटनेने आवाज उठवला तेव्हा ते वाक्य पुढच्या बाहुल्यांतून काढलं गेलं.

डरहॅम विद्यापीठाच्या 2021 च्या अभ्यासाने तर सुटकेचा रस्ताही बंद केला. तुमच्यासारख्या अतिबारीक बाहुल्यांशी थोडा वेळ खेळल्यावर पाच ते नऊ वर्षांच्या मुलींच्या मनातलं सुंदर शरीर आणखी बारीक झालं, आणि लगेच नंतर खऱ्या लहान मुलीसारखी बाहुली किंवा मोटारगाडी खेळायला दिली तरी ते पूर्ववत झालं नाही. मुली 31 च होत्या, त्यामुळे मी त्यावर फाशी मागत नाही.

काही मुलींनी खटला चालवायची वाट पाहिली नाही. 2005 मध्ये बाथ विद्यापीठाच्या संशोधकांना सात ते अकरा वयाच्या मुलींनी सांगितलं की आपण तुमचे केस भादरतो, मुंडकं उपटतो, मायक्रोवेव्हमध्येही घालतो. त्या घरांतल्या आयांना भलतीच काळजी वाटली असेल. मला त्या मुलींची काळजी वाटत नाही.

मग जानेवारी 2016 मध्ये तुम्हाला उपरती झाली. तुमच्या तीन नव्या बहिणी आल्या : एक उंच, एक सुबक ठेंगणी, आणि एक खात्यापित्या घरची. 'टाइम' मासिकाच्या मुखपृष्ठावर तुम्ही झळकलात, माझ्या शरीराबद्दल बोलणं आता थांबवाल का, अशा थाटात. एवढ्या वर्षांनी कंबर सुटली याचा मला मनापासून आनंद झाला. पण त्याच 'टाइम'च्या बातमीत एक प्रसंग आहे. नवी बाहुली मुलींना दाखवून पाहत होते, तेव्हा एका सहा वर्षांच्या मुलीने तिला हातात घेऊन 'मी जाडी, मी जाडी' अशी नाचवली आणि बाकीच्या फिदीफिदी हसल्या. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन ते दहा वयाच्या मुलींपुढे तुमचे चारही बांधे ठेवले. जिच्याशी खेळायचं नाही अशी म्हणून मुलींनी पुन्हा पुन्हा बोट दाखवलं ते खात्यापित्या घरच्या बहिणीकडे. तीन वर्षांच्या मुली, बाई! घरात त्यांना अजून शू सांगता येत नसेल, पण जाडीशी खेळायचं नाही हे कळतं. तुमचे जुने कपडे तिच्या अंगात चढत नाहीत ते आणखी निराळं; मुलीने दुपारभर खटपट करायची आणि शेवटी कंटाळून म्हणायचं, हिला काहीच होत नाही. हे वाक्य पुढे तिच्या कानावर पुष्कळदा पडणार आहे, सराव झालेला बरा. तुमची कंपनी आता हात वर करून म्हणू शकेल : आम्ही सगळी मापं ठेवली आहेत, गिऱ्हाईकच मागत नाही. गिऱ्हाईक घडवायला तुम्हाला सत्तावन्न वर्षं मिळाली होती.

आमच्याकडे तुम्ही आलात तेव्हा खोक्यावर 'लिओ मॅटेल' असं नाव होतं आणि तुम्ही साडी नेसून, टिकली लावून आला होतात. साडीच्या आत मात्र तीच विस्कॉन्सिनची मुलगी. पुढे 2012 च्या सुमारास 'डॉल्स ऑफ द वर्ल्ड' मालिकेत भारताची बाई म्हणून तुम्ही अवतरलात, तेव्हा तुमच्यासोबत दिला होता पासपोर्ट आणि एक माकड. पासपोर्ट मी समजू शकते. माकडाबद्दल विचार करून थकले. आमच्या बायका साडी नेसून घराबाहेर पडल्या की सोबत पर्स घेतात, फार तर छत्री.

खरं सांगायचं तर आमच्याकडे तुम्हाला फारसे कष्ट पडले नाहीत. आम्ही 'वधू पाहिजे'च्या जाहिरातीत गोरी, सडपातळ, उंच, गृहकृत्यदक्ष हा क्रम तुमच्या आधीच लावून ठेवला होता. बाळंतिणीला भेटायला आलेली पहिली बाई बाळाचा रंग विचारते, दुसरी सांगते की केशराचं दूध घ्यायला हवं होतं. सावळ्या मुलीची बाजू घेणारे भले लोकही 'पण नाकीडोळी नीटस आहे' असं म्हणून तिला अर्धं सोडवतात. 'फेअर अँड लव्हली' 1975 पासून घराघरांत होतं. 2020 मध्ये त्याच्या नावातला गोरेपणा काढून त्या जागी 'ग्लो' आलं, ट्यूबचं गिऱ्हाईक तेच. अमेरिकेतही हे तुमच्या आधीचं. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने 1940 च्या दशकात कृष्णवर्णीय मुलांपुढे फक्त रंगाने वेगळ्या बाहुल्या ठेवल्या होत्या, तेव्हा बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून उचलली. शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या 1954 च्या निकालात त्या प्रयोगाचा उल्लेख झाला. त्या गुन्ह्याच्या वेळी तुम्ही जन्मालाही आला नव्हतात, हे मी तुमच्या बाजूने नोंदवून घेते. फक्त तुमच्या नावाची पहिली कृष्णवर्णीय बाहुली निघायला 1980 उजाडलं, तेही नोंदवते.

आमची लाकडी ठकी तुम्ही पाहिली नसेल. खांद्यापासून पायापर्यंत एकच ठोकळा. तिची कंबर कुठे ते करणाऱ्या सुतारालाही सांगता आलं नसतं. आजीच्या जुन्या लुगड्याची चिंध्या भरून केलेली बाहुली तर जितकी गुबगुबीत तितकी चांगली, कारण बारीक झाली की मान लुळी पडायची. ठकी काही देखणी नव्हती. तिच्यासारखं दिसावं असं कोणा मुलीला वाटलं नाही, आणि तिच्यासारखं दिसत नाही म्हणून कोणी जेवण सोडलं नाही. तिचं फार तर लग्न लावायचं, मुंडावळ्या बांधून, चुरमुऱ्यांचं जेवण घालून.

शेवटी पुन्हा रूथबाईंकडे येते, कारण तुम्हाला आईचं हे बहुधा कोणी सांगितलं नसेल. 1970 मध्ये त्यांना स्तनाचा कर्करोग झाला, स्तन काढावा लागला. त्या जागी लावायला बाजारात जे मिळत होतं ते इतकं गचाळ होतं की त्यांनी स्वतःच कृत्रिम स्तन बनवायची कंपनी काढली, 'निअरली मी' नावाची. डावा वेगळा, उजवा वेगळा, ब्रेसियरच्या मापांप्रमाणे, हाताला खरा वाटेल असा. दुकानांत जाऊन त्या बायकांना स्वतः माप घेऊन बसवून देत. हे काम मोठं होतं, त्यात चेष्टा करण्यासारखं काही नाही. पण म्हणजे बाईंना बायकांची मापं येत होती. सगळी येत होती.

1978 मध्ये मॅटेलच्या जमाखर्चात खोटे आकडे दाखवल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. त्यांनी तो लढवला नाही. शिक्षा झाली : 57,000 डॉलर दंड आणि 2,500 तास समाजसेवा. तो खटला कंपनीच्या नफ्याच्या आकड्यांचा होता. तुमच्या कंबरेचा आकडा, गुलाबी काट्यावरचे 110 पौंड, यांपैकी काहीही आरोपपत्रात नव्हतं.

कळावे, लोभ असावा असं शेवटी लिहायची पद्धत आहे. तुमचा लोभ आमच्या मुलींवर आधीच फार आहे. जरा कमी केलात तरी चालेल.

आपली,
पाच वर्षांच्या एका मुलीची आत्या